उन्हाचा जमाखर्च

महाराष्ट्रातील गृहिणीला सौरऊर्जेची ओळख नव्याने करून द्यावी लागते, असे मानणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. चैत्र-वैशाखात गच्चीवर जुनेर अंथरून कुरडया, पापड, सांडगे घालणे, मिरच्या आणि हळकुंडे वाळविणे, साखरआंब्याच्या बरणीला दादरा बांधून ती उन्हात ठेवणे, अंगणातील घंगाळात दुपारभर पाणी तापवून सायंकाळी त्या पाण्याने मुलांना न्हाऊ घालणे, ही सारी सौरऊर्जेचीच कामे होत. ती करणाऱ्या बाईला गच्चीच्या कोणत्या कोपऱ्यावर शेजारच्या भिंतीची सावली किती वाजता येते हे पाठ असते. वळवाचे ढग दिसू लागले की वाळवण केव्हा आवरावे हेही तिला कळते. आणि कोणते काम उन्हावर सोपवायचे व कोणते चुलीवर, याचा निवाडा तर तिने केव्हाच केलेला असतो.

घरात प्रथमच सौर उपकरण आणू पाहणाऱ्या आजच्या कुटुंबापाशी नेमकी हीच जाण बहुधा नसते. विक्रेत्याचे रंगीत पत्रक, शेजाऱ्याच्या छतावर चमकणारी पटले आणि ‘वीजबिल शून्य’ हे दोन शब्द एवढ्या भांडवलावर निर्णय होतो. मग कुणी तीनशे रुपयांचा बागेतला दिवा आणतो आणि वर्षभरात तो विझला की सौरऊर्जेवर कायमची फुली मारतो. कुणी गरजेच्या दुप्पट क्षमतेचा संच कर्ज काढून बसवितो आणि पहिल्याच दिवशी वीज गेल्यावर घरात अंधार झालेला पाहून चकित होतो. या दोघांची निराशा खरी असली, तरी दोष उन्हाचा नसतो. हिशेब मांडण्यापूर्वीच खरेदी झालेली असते.

हा हिशेब फारसा अवघड नाही. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. नऊ वॅटचा एलईडी दिवा एका युनिटवर सुमारे १११ तास जळतो, तर दोन हजार वॅटचा गिझर तेच युनिट अर्ध्या तासात संपवितो. घरातील चार दिवे रोज पाच तास लावले, तरी महिन्याला साडेपाच युनिटेही होत नाहीत. तोच गिझर रोज एक तास चालला, तर महिन्याला साठ युनिटे जातात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की, वीजबिल कमी व्हावे म्हणून अंगणात सौरदिवे लावणाऱ्या गृहस्थाची गणना कुठे चुकली ते वेगळे सांगावे लागत नाही. सौरदिव्याची उपयुक्तता आहे, पण ती दुसऱ्या कारणासाठी. त्याचा विचार पुढे येईल.

म्हणून घरातील पहिले सौर उपकरण कोणते, असे कुणी विचारले तर भिंतीवरील वीजमीटर आणि एक साधी वही, हेच उत्तर योग्य होय. आठ दिवस रोज सकाळी एकाच वेळी मीटरचा आकडा टिपावा. एक दिवस गिझर बंद ठेवून पाहावे, एक दिवस इस्त्री. कोणते उपकरण किती खाते हे आठवड्याभरात कळते. जी कुटुंबे किराण्याचा आणि दुधाचा हिशेब पैशापैशाने ठेवतात, त्यांतीलही फार थोड्यांना आपले घर दिवसाला किती युनिटे वापरते हे सांगता येते, ही काहीशी विस्मयाची गोष्ट आहे.

मोजमाप झाले की बहुतेक घरांत एक गोष्ट समोर येते. मोठा खर्च उष्णतेवर होतो, मग ते स्नानाचे पाणी असो, स्वयंपाक असो की इस्त्री. आणि काही महिने तो गारव्यावर होतो. प्रकाशाचा वाटा त्या मानाने लहान असतो. सूर्याकडून सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुलभपणे मिळणारी गोष्टही उष्णताच आहे. निरभ्र दुपारी जमिनीच्या एक चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट इतकी सौरशक्ती पडते. विजेचे सौर पॅनेल त्यातील साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलते. काळ्या लेपाचा आणि वर काच असलेला पाणी तापविण्याचा संग्राहक मात्र अर्ध्याहून अधिक हिस्सा पाण्यात उतरवू शकतो. ज्याला ऊब हवी आहे त्याने आधी विजेचा संच घ्यावा, त्या विजेवर गिझर चालवावा आणि मग गरम पाण्याने स्नान करावे, हा मार्ग कोल्हापूरहून साताऱ्याला सोलापूरमार्गे जाण्यासारखा आहे. पोहोचता येते, पण खर्च जास्त होतो.

सौर बंबाकडे, म्हणजे छतावरील उष्णजल संयंत्राकडे, या दृष्टीने पुन्हा एकदा पाहण्याची गरज आहे. विजेच्या पॅनेलांचा गाजावाजा सुरू झाल्यापासून हे उपकरण जुनाट ठरल्यासारखे झाले आहे. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला चार युनिटांहून थोडी अधिक ऊर्जा लागते. तीन-चार माणसांच्या कुटुंबाला तेवढे पाणी, थंड पाण्यात मिसळून, पुरेसे होते. शंभर लिटरचे संयंत्र वर्षाला सुमारे दीड हजार युनिटे वाचवू शकते, असे केंद्र सरकारच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाच्या माहितीत म्हटलेले आहे. त्याची रचनाही मोठी सुबोध आहे. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, एवढ्या एका नियमावर संग्राहक आणि त्याच्या वर बसविलेली टाकी यांच्यामध्ये पाणी आपोआप फिरत राहते. पंप नाही, वीज नाही. टाकी उष्णतारोधक असल्यामुळे दुपारी तापलेले पाणी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत कामाचे राहते, आणि घराला पाणी पहाटेच लागते.

तरीही हे संयंत्र सगळीकडे सारखेच फायद्याचे ठरते, असे नाही. बंगळूरची हवा वर्षभर सौम्य असल्याने तेथे बाराही महिने ऊन पाणी लागते आणि ऊनही बहुतेक दिवस मिळते. तेथील घरांच्या छतांवर ही संयंत्रे मोठ्या संख्येने दिसतात, ती उगाच नव्हेत. पुणे, नाशिक, बेळगाव यांचीही गोष्ट तीच. दिल्लीत किंवा ग्वाल्हेरमध्ये थंडीचे चार महिने त्याची निकड तीव्र असते, पण उन्हाळ्यात ते रिकामे तापत राहते. चेन्नईतील कुटुंबाला तर नळाचेच पाणी वर्षातील बराच काळ कोमट येते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने सूर्य नावापुरता असतो. म्हणजे दिल्लीच्या नातेवाइकाने किंवा बंगळूरच्या मित्राने केलेला हिशेब जसाच्या तसा उचलून चालत नाही.

दोन अडचणी मात्र सर्वत्र आढळतात आणि विक्रेते त्यांविषयी फारसे बोलत नाहीत. पहिली म्हणजे बोअरचे क्षारयुक्त पाणी. ते तापले की क्षार नळ्यांत साचतात आणि दोन-चार वर्षांत पाणी पुरेसे तापेनासे होते. अशा ठिकाणी संयंत्राचा प्रकार निवडतानाच पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि वेळोवेळी सफाई करणारा माणूस जवळपास आहे की नाही हे पाहावे. दुसरी अडचण नळाच्या लांबीची. छतावरील टाकीपासून खालच्या मजल्यावरील न्हाणीघरापर्यंत नळ लांब असेल, तर त्यात रात्रभर राहिलेले थंड पाणी आधी बादलीभर वाहून जाऊ द्यावे लागते. वीज वाचते आणि पाणी वाया जाते. नळाला उष्णतारोधक आवरण घातले आणि ती पहिली बादली धुण्याभांड्याला वापरली, तर हा तोटा बराच भरून निघतो. पावसाळ्यासाठी टाकीत विजेची कॉइल बसवितात, तिचे बटणही घरात दिसेल अशा जागी असावे. अनेक घरांत ते जुलैमध्ये दाबले जाते आणि मार्चपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

सौरचुलीची कहाणी अधिक उद्बोधक आहे, आणि ती मुंबईशी जोडलेली आहे. काचेच्या पेटीत ऊन कोंडून उष्णता साठविण्याचा प्रयोग स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ होरेस द सोस्यूर यांनी १७६७ साली केला होता. पण भारतासारख्या देशात या उष्णतेवर स्वयंपाक करावा, यंत्रेही चालवावीत, हा विचार मुंबईत नोकरीस असलेल्या विल्यम ॲडम्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने नेटाने मांडला. ‘सोलर हीट : अ सब्स्टिट्यूट फॉर फ्युएल इन ट्रॉपिकल कंट्रीज’ हे त्याचे पुस्तक १८७८ साली मुंबईतच प्रसिद्ध झाले. आरशांनी ऊन एकवटून त्याने तयार केलेल्या चुलीवर जानेवारी महिन्यात सात सैनिकांचे मांस-भाजीचे जेवण दोन तासांत शिजले, अशी नोंद आहे. जळणाचा तुटवडा आणि कोळशाची आयात यांची चिंता त्याही काळी होती.

सुमारे शंभर वर्षांनी, १९८० च्या दशकात, सरकारी अनुदानावर पेटीच्या आकाराच्या सौरचुली घरोघरी पोहोचल्या. आतून काळी पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा आणि काळ्या रंगाचे चार डबे, असे तिचे स्वरूप होते. पेटीतील तापमान शंभर अंशांच्या पुढे जाते आणि भात, वरण, बटाटे दीड-दोन तासांत शिजतात. अन्न करपत नाही, उतू जात नाही, जवळ उभे राहावे लागत नाही. नियमित वापर केला तर वर्षाला तीन-चार गॅस सिलिंडर वाचतात, असे तिच्याविषयी सांगितले जाई आणि ते अशक्यही नव्हते. इतके असूनही त्यांतील कितीतरी चुलींच्या नशिबी अखेर माळाच आला.

त्याचे कारण शास्त्रात शोधण्यापेक्षा घरातील घड्याळात शोधावे. नोकरदार घराचा मुख्य स्वयंपाक सकाळी सातच्या आत उरकतो, कारण डबे भरायचे असतात. सौरचूल कामाला लागते ती दहानंतर. त्यातच पोळी, भाकरी आणि फोडणी ही महाराष्ट्रीय जेवणाची तीन अंगे पेटीच्या चुलीवर होत नाहीत. शिवाय ही चूल बहुधा घरातील पुरुषाने प्रदर्शनातून उत्साहाने आणलेली असे, आणि दर अर्ध्या तासाने गच्चीवर जाऊन तिचे तोंड उन्हाकडे फिरविण्याचे काम मात्र ती आणण्याचा निर्णय जिने घेतला नव्हता तिच्या वाट्याला येई. कोणतेही उपकरण घरात आणण्यापूर्वी ते रोज कोण हाताळणार, हा प्रश्न त्या व्यक्तीलाच विचारावा, हे सौरचुलीच्या अपयशाने फार स्वस्तात शिकविले आहे.

ज्या घरात दुपारी माणसे असतात, तेथे ही चूल आजही अतिशय उपयोगी ठरते. निवृत्त दांपत्याने सकाळी दहाला वरण-भाताचे डबे लावावेत आणि साडेबाराला गरम जेवण काढावे. शेंगदाणे आणि रवा भाजणे, रताळी वा मक्याची कणसे शिजविणे, कडधान्ये उकडणे ही कामे तर तिच्याइतकी निगुतीने गॅसही करीत नाही. सौरऊर्जेची ओळख करून घेऊ पाहणाऱ्या शाळकरी मुलासाठी याहून चांगला गुरू नाही. पुठ्ठ्याचे खोके, काळा रंग दिलेला डबा, वर्तमानपत्रांचे बोळे, काचेचा तुकडा आणि चांदीचा कागद एवढ्या सामग्रीत सुटीच्या दिवशी घरीच चूल तयार होते. तिच्यात पहिले अंडे किंवा बटाटा शिजला की सावली, कोन आणि ढग यांचा अर्थ त्या मुलाला पाठ्यपुस्तकाहून लवकर उमगतो. (हाताला चटका बसतो, हेही लवकर उमगते, मोठ्यांनी जवळ असावे.)

आता सौरदिव्याकडे वळावे. त्याचे मोल वीजबिलात मोजायचे नसते. जेथे वीज नाही किंवा आली तरी टिकत नाही, तेथे संध्याकाळचे तीन तास हाती येणे, हे त्याचे मोल. रॉकेलच्या चिमणीखाली अभ्यास करणाऱ्या मुलाला ते ठाऊक असते. मुंबई आयआयटीने २०१४ च्या सुमारास दहा लाख विद्यार्थ्यांपर्यंत सौर अभ्यासदिवे पोहोचविण्याचा उपक्रम महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशा या राज्यांत हाती घेतला, तेव्हा दिवे जोडण्याचे आणि दुरुस्तीचे काम त्या त्या भागातील लोकांना शिकविण्यात आले. राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजने तर अक्षरओळखही नसलेल्या, वयाने आजी झालेल्या स्त्रियांना सौरदिव्यांच्या जोडणीत आणि दुरुस्तीत तरबेज केले. या दोन्ही ठिकाणी भर दुरुस्तीवर होता, आणि तो योग्यच होता. सौरदिव्याचे पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते, एलईडीही दीर्घकाळ चालतो. बॅटरी मात्र काही वर्षांतच मरते. ती बदलता येत नसेल, तर चांगले पॅनेल आणि चांगला दिवा तिच्याबरोबर कचऱ्यात जातो. म्हणून दिवा विकत घेताना किती तास चालतो हे विचारण्याआधी बॅटरी बदलता येते का आणि ती कोठे मिळते, हे विचारावे.

छोट्या सौर वस्तूंच्या बाजारात फसगतही थोडी नाही. पाठीवर पॅनेल चिकटविलेली मोबाइलची पॉवर बँक हे तिचे ठळक उदाहरण. वीस हजार मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ७४ वॅट-तास ऊर्जा मावते. तिच्या पाठीवरील तळहाताएवढे पॅनेल भर उन्हातही जेमतेम दीड वॅट देते. रोज पाच तास कडक ऊन मिळाले, तरी ती भरायला दहा दिवसांहून अधिक लागतील, आणि इतके दिवस उन्हात तापलेल्या लिथियम बॅटरीचे आयुष्य घटेल ते वेगळेच. पॅनेल किती वॅटचे, बॅटरी किती वॅट-तासांची आणि ऊन किती तासांचे, या तीन आकड्यांचा भागाकार दुकानातच, मोबाइलवर करता येतो. तो करू न देणाऱ्या दुकानदाराकडून खरेदी न केलेलीच बरी.

सौरऊर्जा आणि बँक यांचे नातेही अशाच लहान दिव्यांपासून सुरू झाले, हे आज विस्मृतीत गेल्यासारखे झाले आहे. हरीश हांडे यांनी १९९५ साली बंगळूर येथे सहकाऱ्याच्या साथीने सेल्को ही कंपनी उभी केली, तेव्हा गरीब माणूस सौरदिवा घेऊ शकत नाही, त्याची देखभाल करू शकत नाही, असा सर्वसाधारण समज होता. महिन्याला तीनशे रुपये परवडत नाहीत, पण दिवसाला दहा रुपये सहज देता येतील, असे एका रस्त्यावरच्या विक्रेत्याने सांगितल्याचा अनुभव हांडे नेहमी सांगतात. रक्कम तीच, फरक हप्त्याची लय आणि कमाईची लय जुळण्याचा. ग्रामीण बँकांच्या साहाय्याने सेल्कोने हेच सूत्र राबविले आणि २०११ साली हांडे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने दक्षिण भारतात घरगुती सौरसंचांसाठी व्याजात सवलत देणारा कर्ज-उपक्रम सुरू केला. त्यात कॅनरा बँक आणि त्या वेळी स्वतंत्र असलेली सिंडिकेट बँक सहभागी झाल्या होत्या. (सिंडिकेट बँकेचे १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीनीकरण झाले.) त्या कर्जांची हमी म्हणजे दिव्याखाली रात्री दोन तास अधिक विणलेली टोपली किंवा उशिरापर्यंत उघडे राहिलेले दुकान होते.

आजच्या शहरी ग्राहकाचे कर्ज निराळ्या स्वरूपाचे आहे. ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. एक कोटी घरे हे तिचे उद्दिष्ट आणि २०२६-२७ हे आर्थिक वर्ष ही तिची ठरविलेली मुदत. एक किलोवॉटच्या संचाला ३०,००० रुपये, दोन किलोवॉटला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये, असे अनुदान त्यात ठेवण्यात आले. संच बसून कार्यान्वित झाल्यावर ते ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. याखेरीज राष्ट्रीयीकृत बँकांकडून तारणाविना, सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळण्याची सोय झाली. योजना स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु अनुदानाची कमाल मर्यादा तीन किलोवॉटपाशी असल्याने ‘तीन किलोवॉट’ हाच जणू प्रत्येक घराचा आकार ठरून गेला आहे, आणि येथे थोडे थांबले पाहिजे.

एक किलोवॉटचा संच आपल्याकडे सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतो आणि छतावर सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा घेतो. म्हणजे तीन किलोवॉटपासून महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिटे मिळावीत. ज्या घराचा वापर महिन्याला नव्वद युनिटे आहे, त्याने ती कशासाठी निर्माण करावीत? महाराष्ट्रासह अनेक राज्यांत घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढत जातो. कमी वापराच्या घराची युनिटे मुळात स्वस्त टप्प्यातील असतात, त्यामुळे त्याची बचतही लहान राहते आणि गुंतवणूक वसूल व्हायला वेळ लागतो. तीनशे-चारशे युनिटे जाळणाऱ्या घराचा हिशेब याच्या अगदी उलट. त्याला महाग टप्प्यातील युनिटे वाचविता येतात आणि संचाचे पैसे काही वर्षांतच वसूल होऊ शकतात.

आयआयटीच्या त्याच उपक्रमाचे प्रवर्तक प्रा. चेतन सोळंकी २०२० पासून सौरऊर्जेवरील बसमधून देशभर फिरून एक सूत्र सांगत आले. ऊर्जेचा एक तृतीयांश वापर टाळा, एक तृतीयांश कार्यक्षमतेने कमी करा आणि उरलेला एक तृतीयांश स्वतः निर्माण करा. सौर पॅनेलांचा पुरस्कर्ताच पॅनेलांना तिसरे स्थान देतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. साधा छताचा पंखा ७५ वॅट घेतो, नव्या बीएलडीसी पद्धतीचा सुमारे ३० वॅट. रोज बारा तास चालणारे तीन पंखे बदलले, तर महिन्याला जवळजवळ ४८ युनिटे वाचतात. तेवढी वीज निर्माण करायला ०.४ किलोवॉटची पॅनेले लागली असती. सौर बंब आणि पंखे यांची व्यवस्था आधी केली, तर ज्या घराला तीन किलोवॉटचा संच सुचविला गेला होता, त्याला दीड-दोन किलोवॉटही पुरतो आणि कर्जाची रक्कम त्या प्रमाणात खाली येते.

वीज गेल्यावर काय होते, हा प्रश्न नवख्या ग्राहकाने आवर्जून विचारावा. ग्रिडला जोडलेला आणि बॅटरी नसलेला संच, मुख्य पुरवठा खंडित होताच, भर दुपारीसुद्धा बंद पडतो. तो तसा बंद पडावा अशीच त्याची रचना असते, कारण तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दिशेने छतावरून वीज वाहत राहिली तर त्याच्या जिवावर बेतेल. वारंवार वीज जाणाऱ्या गावात हा संच बिल कमी करील, अंधार कमी करणार नाही. अंधारावर उपाय हवा असेल तर बॅटरीचा संच लागतो. तो महाग असतो, आणि शिसे-आम्लाची बॅटरी तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते. पॅनेलांची हमी पंचवीस वर्षांची असली, तरी इन्व्हर्टरचे आयुष्य त्याहून पुष्कळ कमी. दहा वर्षांच्या कर्जाचा हप्ता ठरविताना या दोन बदलींची तरतूद वहीत वेगळी मांडावी, नाहीतर जुन्या बॅटरीचे कर्ज फिटण्यापूर्वीच नव्या बॅटरीसाठी दुसरे कर्ज घेण्याची वेळ येते.

ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, हाही एक भाबडा समज. पॅनेलावर छापलेली क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. विदर्भातल्या मे महिन्यात पॅनेल साठ अंशांच्या पुढे तापते तेव्हा प्रत्येक जादा अंशामागे त्याची शक्ती सुमारे ०.४ टक्के घटते, म्हणजे एकूण चौदा टक्क्यांच्या आसपास. पॅनेलाला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. म्हणून ते छताला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळता राहील इतकी उंची ठेवावी. तोंड दक्षिणेकडे असावे आणि कल साधारण त्या गावच्या अक्षांशाइतका असावा. बंगळूरला १३ अंश, पुण्याला साडेअठरा, इंदूरला पावणेतेवीस, दिल्लीला साडेअठ्ठावीस. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलाच्या कोपऱ्यावर पडली, तरी त्याच्याशी साखळीने जोडलेल्या इतर पॅनेलांचे उत्पादन घटू शकते. विक्रेत्याने छतावर येऊन सकाळ-दुपारची सावली न पाहता दूरध्वनीवरूनच दरपत्रक पाठविले, तर ते बाजूला ठेवलेले बरे. धूळ हा शेवटचा मुद्दा. पॅनेले सकाळी, ती थंड असताना, मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने धुवावीत. क्षारयुक्त पाण्याचे डाग धुळीपेक्षाही वाईट.

सदनिकेत राहणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यांच्या मालकीचे छतच नसते आणि बाल्कनीत येणारे ऊन एखाद्या लहान पॅनेलापुरते, दिव्यापुरते. त्यांना वैयक्तिक संचाऐवजी संस्थेच्या सामायिक मीटरकडे पाहता येते. उद्वाहन, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचे बिल सर्वच सभासद भरीत असतात, आणि उपरोक्त योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सोयींसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपयांचे अनुदान स्वतंत्रपणे ठेवलेले आहे. सर्वसाधारण सभेत या विषयावर विरोध झाला तर तो बहुधा वरच्या मजल्यावरील सभासदाचा असतो, आणि त्याची भीती अनाठायी नसते. पॅनेलांच्या सांगाड्यासाठी गच्चीत छिद्रे पाडली की जलरोधक थर फुटतो आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या छतावर ओल उतरते. छिद्रे न पाडता काँक्रीटच्या जड ठोकळ्यांवर सांगाडा उभारण्याची पद्धत उपलब्ध आहे. मात्र ते वजन वाऱ्याच्या माऱ्यासह गच्ची पेलू शकेल, याचा संरचना अभियंत्याचा दाखला आधी घ्यावा लागतो. तो दाखला, गळती झाल्यास दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा याचा ठरावात स्पष्ट उल्लेख आणि सामायिक मीटरची मागील बारा महिन्यांची बिले, एवढी कागदपत्रे हाती घेऊन संस्थेच्या सचिवांनी शाखेत यावे.